पहिल्यांदा मसाई माराला जाताय? महिना ठरवण्यापासून परतीच्या रस्त्यापर्यंत सगळं

ताडोबा-पेंच केलेली मंडळी केनियातल्या मसाई माराच्या जंगलात गेली की एक गंमत होते. पहिल्या सकाळी गेटमधून आत शिरल्यावर तासाभरात झेब्रे, जिराफ, हत्ती, म्हशी, हरणांचे कळप असं सगळं दिसून जातं, आणि मग दुपारपर्यंत गाडीत "पुढं काय, पुढं काय" सुरू होतं. आपल्याकडं जंगल दाट, बांबू दाट, वाघ दिसला तर दिसला, म्हणून आपल्याला धावायची सवय लागलेली असते. माराचं गवताळ मैदान मोकळं, प्राणी समोरच उभे असतात, त्यामुळे तिथं शोधण्यापेक्षा थांबणं जास्त महत्त्वाचं. हे ज्याला जमलं त्याची ट्रिप वसूल. खाली जे लिहिलंय ते सगळं या थांबण्याला वेळ आणि पैसे कसे शिल्लक राहतील त्याबद्दल आहे असं समजा.

१. आधी महिना ठरवा, हॉटेल नंतर

बहुतेक जण मुलांच्या सुट्टीवरून महिना ठरवतात आणि तिथंच गाडी अडकते. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे केनियातला मोठा पाऊस. मार्चच्या शेवटापासून मेपर्यंत तो असतो, एप्रिल-मेमध्ये जास्त. गवत कमरेएवढं, त्यात झोपलेला सिंह दहा फुटांवरून दिसत नाही, आणि माराची काळी चिकणमाती एकदा भिजली की चांगल्या चांगल्या गाड्या रुतून बसतात. स्वस्त पडतं, गर्दी नसते, हिरवंगार असतं हे खरं, पण पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मे सांगणार नाही.

ग्रेट मायग्रेशन, म्हणजे शेजारच्या टांझानियातल्या सेरेंगेटीतून लाखो विल्डबीस्ट (गाईसारखं दिसणारं मोठं हरीण) आणि झेब्रे माराकडं येतात ते, साधारण जुलै ते ऑक्टोबर. पाऊस कसा पडतो त्यावर पुढं-मागं होतं, कुणी तारीख सांगून गॅरंटी देत असेल तर तो माल खपवतोय. दिवाळीच्या सुट्टीत जाणार असाल तर कळप परत दक्षिणेकडं निघालेले असू शकतात, नोव्हेंबरात छोटा पाऊसही असतो. हे एजंट सहसा स्वतःहून सांगत नाहीत.

ज्यांना मायग्रेशनचा हट्ट नाही त्यांनी जानेवारी-फेब्रुवारी बघा. कोरडं, गवत खुजं, सिंह-चित्ते माराचे कायमचे रहिवासी असल्यामुळे ते कुठं जात नाहीत, आणि प्रवेश फी निम्मी. शाळेमुळे ते जमत नसेल तर जूनचा पहिला आठवडा, पाऊस ओसरत आलेला असतो आणि आपल्या शाळा उघडायच्या असतात, हा मधला मार्ग बरा आहे.

२. पार्क कमी करा

"७ दिवसांत अंबोसेली, नैवाशा, नाकुरू, मारा" असली पॅकेजेस बघितली की मला त्यातल्या ड्रायव्हरची दया येते. नकाशावर सगळं जवळ दिसतं. नैरोबी ते मारा रस्त्यानं ५ ते ६ तास, अंबोसेली नैरोबीच्या दुसऱ्याच बाजूला टांझानियाच्या सीमेवर, म्हणजे तिथून माराला यायचं तर एक अख्खा दिवस गाडीत. माझं मत विचाराल तर मारामध्ये सलग ३ रात्री तरी हव्यातच, ४ असतील तर उत्तम. जोडीला एकच काहीतरी घ्या. गेंडा बघायचाच असेल तर नाकुरू, कारण मारात गेंडे कमी आणि लाजाळू. किलिमांजारोच्या पार्श्वभूमीवर हत्ती हवे असतील तर अंबोसेली. दोन्ही हवंय म्हणत असाल तर सुट्टी वाढवा.

अजून एक. "मारा आणि सेरेंगेटी शेजारीशेजारीच आहेत, एक दिवस तिकडं जाऊन येऊ" हे डोक्यातून काढून टाका. प्राण्यांना सीमा नाही, तुम्हाला आहे. आतून पर्यटकांना पलीकडं जाता येत नाही, इसेबानियाच्या नाक्यावरून मोठा वळसा घालून जावं लागतं, आणि टांझानियाचा व्हिसा वेगळा.

३. राहायचं कुठं आणि फीचं गणित

हे नीट समजून घ्या कारण पैसे इथंच जातात. मसाई मारा नॅशनल रिझर्व्ह सुमारे १५०० चौरस किलोमीटर, नारोक काउंटीच्या ताब्यात. २०२४ पासून परदेशी पर्यटकाला मोठ्या माणसामागं दिवसाला जानेवारी ते जून १०० डॉलर आणि जुलै ते डिसेंबर २०० डॉलर फी आहे, लहान मुलांना कमी. आणि ती २४ तासांची नाही, सकाळी ६ ते संध्याकाळी ६ अशी १२ तासांची. चौघांचं कुटुंब, ऑगस्ट महिना, ३ दिवस, करा हिशोब. फी बदलत राहते म्हणून बुकिंगच्या आधी ताजा दर बघाच.

यातला सापळा असा की तुम्ही नैरोबीहून निघून दुपारी ३ ला गेटवर पोचता, एजंटनं "संध्याकाळची सफारी" लिहिलेली असते, आणि दोन-अडीच तासांसाठी अख्ख्या दिवसाची फी भरली जाते. कॅम्प गेटच्या बाहेर असेल तर पहिल्या दिवशी आत जाऊच नका. आराम करा, मसाई लोकांच्या गावात फेरफटका मारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला गेट उघडताना पहिल्या गाड्यांत रहा, जेवणाचा डबा सोबत घेऊन थेट संध्याकाळपर्यंत आतच. पॅकेज घेताना एकच प्रश्न लेखी विचारा: पार्क फी धरून की सोडून, आणि किती दिवसांची?

राहण्याचे प्रकार तीन. गेटबाहेरचे कॅम्प (सेकेनानी, तालेक या बाजूला भरपूर) सगळ्यात स्वस्त. रिझर्व्हच्या आतले लॉज महाग, पण उजाडल्याबरोबर तुम्ही प्राण्यांमध्ये असता. आणि तिसरा प्रकार कंझर्व्हन्सी, म्हणजे रिझर्व्हला लागून असलेली मसाई कुटुंबांची जमीन, जी त्यांनी भाड्यानं देऊन वन्यजीवांसाठी राखलीय. मारा नॉर्थ, नाबोइशो, ओलारे मोटोरोगी ही नावं ऐकाल. तिथं तिथल्याच कॅम्पमधल्या पाहुण्यांना प्रवेश, त्यामुळे गाड्या मोजक्या, आणि रिझर्व्हमध्ये जे चालत नाही ते, म्हणजे रात्रीची सफारी, पायी फिरणं, रस्ता सोडून गाडी नेणं, हे तिथं गाईडबरोबर करता येतं. खिशाला चटका बसतो पण दोन रात्री बाहेर आणि एक-दोन रात्री कंझर्व्हन्सी असं मिसळून घेता आलं तर जरूर घ्या.

मारा नदीच्या पश्चिमेचा तुकडा म्हणजे मारा ट्रँगल. त्याचा कारभार २००१ पासून वेगळी संस्था बघते, रस्ते आणि शिस्त दोन्ही बरी. तिकडं जायचं असेल तर तिकिटाचं आधीच विचारून ठेवा.

४. कागदपत्रं

- पासपोर्ट, परतीच्या तारखेपासून पुढं ६ महिने तरी चालणारा, दोन-तीन कोरी पानं असलेला.
- केनियाची ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी. २०२४ पासून व्हिसाऐवजी हेच आहे, ऑनलाइन काढायचं, लहान बाळाचंही वेगळं. फी ३० डॉलरच्या आसपास. गुगलवर शोधलं की वरती सरकारी वाटणाऱ्या खाजगी साइट्स येतात ज्या दुप्पट-तिप्पट घेतात, पत्त्याच्या शेवटी 'go.ke' आहे का बघून मगच फॉर्म भरा. फोटो, परतीचं तिकीट, राहण्याचं बुकिंग स्कॅन करून तयार ठेवा.
- यलो फीव्हरच्या लशीचं पिवळं कार्ड.
- ट्रॅव्हल इन्शुरन्स, ज्यात विमानानं हलवण्याचा खर्च धरलाय असा. मारातून मोठं हॉस्पिटल म्हणजे नैरोबीच.

लशीचं जरा सविस्तर सांगतो कारण यात लोक फसतात. ही लस कुठल्याही दवाखान्यात मिळत नाही, केंद्र सरकारनं ठरवलेल्या मोजक्याच केंद्रांत मिळते, ठरावीक वारी, अपॉइंटमेंट घेऊन, मूळ पासपोर्ट दाखवून. कार्ड लस घेतल्यापासून १० दिवसांनी लागू होतं, म्हणून शेवटच्या आठवड्यात पळापळ करून उपयोग नाही, महिनाभर आधी उरका. एकदा घेतली की आयुष्यभर चालते. केनियात उतरताना कदाचित कुणी विचारणारही नाही, पण परत मुंबईला उतरल्यावर विचारतात, आणि कार्ड नसेल तर ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये ठेवू शकतात. साठीच्या पुढचे आई-वडील, गरोदर बाई, अंड्याची ॲलर्जी असलेले, यांनी आधी डॉक्टरांशी बोला. मलेरियाच्या गोळ्यांचंही त्याच भेटीत विचारून घ्या.

५. गाडी आणि गाईड

दोन पर्याय: छप्पर वर उचलणारी व्हॅन, किंवा तसंच छप्पर असलेली लँड क्रूझर. व्हॅन स्वस्त, पण पावसाळी दिवसांत रुतते आणि उंची कमी. ग्रुप चारच्या वर नसेल आणि बजेट थोडं ताणता येत असेल तर क्रूझरच. "प्रत्येकाला खिडकी" लिहून घ्या, नाहीतर मधल्या सीटवरचा माणूस तीन दिवस दुसऱ्यांच्या पाठी बघत बसतो. अनोळखी लोकांबरोबर गाडी शेअर करणार असाल तर हेही लक्षात घ्या की तुम्हाला चित्त्यापाशी थांबायचंय आणि त्यांना नाश्त्याला जायचंय, असं होणार.

विमानानं जायचं असेल तर लहान विमानं नैरोबीच्या विल्सन एअरपोर्टवरून सुटतात, मुंबईचं विमान उतरतं त्या जोमो केन्याटावरून नाही. दोन्हीच्या मधे नैरोबीचं ट्रॅफिक आहे, भरपूर वेळ धरा. त्या विमानात हँडबॅग धरून १५ किलो, आणि तेही मऊ बॅगेत. कडक ट्रॉली बॅग घेऊन गेलात तर तिथंच ठेवून जायची वेळ येते.

गाईडशी पहिल्याच संध्याकाळी पाच मिनिटं बोला. हे कुणी करत नाही! गाईडला सवय असते की पाहुण्यांना बिग फाइव्ह (सिंह, हत्ती, रानम्हैस, बिबट्या, गेंडा, ही यादी मुळात शिकाऱ्यांची आहे, बघणाऱ्यांची नाही) टिक करून हवेत, म्हणून तो रेडिओवर बातमी आली की गाडी पळवतो. त्याला सरळ सांगा की आम्हाला घाई नाही, एका ठिकाणी तासभर बसायला आवडेल, पक्षी दिसले तरी थांब. त्याचा चेहराच बदलतो, कारण त्यालाही तेच आवडत असतं.

६. बॅगेत काय

आफ्रिका म्हणजे ऊन हे समीकरण इथं चालत नाही. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, पहाटे उघड्या छपराच्या गाडीत दात वाजतात. जाकीट, कानटोपी, मफलर, काढता-घालता येतील असे थर. दुपारी टोपी आणि सनस्क्रीन. रंग मातकट, खाकी, ऑलिव्ह असे. गडद निळा आणि काळा टाळा कारण त्से त्से माश्या या रंगांवर येतात आणि जीन्सवरूनसुद्धा चावतात.

दुर्बीण प्रत्येकी एक, निदान दोघांत एक. ८ बाय ४२ ची मस्त चालते. कॅमेऱ्यापेक्षा मी दुर्बिणीवर पैसे घालायला सांगेन, फोटो बाकीचे काढतातच. कॅमेरा असेल तर ४०० मिमीपर्यंतची झूम लेन्स आणि ट्रायपॉडऐवजी कापडी पिशवी, जिच्यात तिथं पोचल्यावर तांदूळ किंवा राजमा भरून गाडीच्या कडेवर ठेवायची. धूळ प्रचंड, गाडीत लेन्स बदलू नका. चार्जरसाठी तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश पद्धतीचा ॲडॅप्टर, आणि पॉवर बँक, कारण काही कॅम्पमध्ये वीज ठरावीक तासच असते.

न्यायच्या नाहीत अशा दोन गोष्टी. ड्रोन: परवान्याशिवाय एअरपोर्टवरच काढून घेतात. प्लॅस्टिकच्या कॅरीबॅग: २०१७ पासून केनियात बंदी आहे, बॅगेत कपडे गुंडाळायला आपण ज्या पिशव्या वापरतो त्यासुद्धा. कापडी पिशव्या न्या.

७. गाडीत बसल्यावर बघायचं कसं

सकाळी ६ ते १० आणि दुपारी ४ नंतर हे सोन्याचे तास. केनिया आपल्यापेक्षा अडीच तास मागं असल्यामुळे पहाटे उठायचा त्रास होत नाही, तिथले सहा म्हणजे शरीराला साडेआठच. मधल्या उन्हात सिंह झुडपाखाली आडवे, तेव्हा पाणघोड्यांच्या डोहावर जा किंवा झाडाखाली डबा उघडा.

शिकारी शोधायचा तर शिकारी शोधू नका, बाकीच्यांच्या माना बघा. जिराफ चरायचं सोडून एकाच दिशेला टक लावून उभे असतील, टोपी नावाचं काळवट-तपकिरी हरीण वारुळावर चढून एकीकडं बघत फुरफुरत असेल, तर तिकडं काहीतरी आहेच. गिधाडं आकाशात गोल फिरत असतील तर ती फक्त गरम हवेवर तरंगत असतात, पण पाय खाली सोडून एकामागून एक उतरायला लागली की तिथं मेलेलं जनावर आहे. आणि उतरून झाडावर नुसती बसून राहिली असतील तर अजून खाणारा मालक हललेला नाही. बिबट्यासाठी नदी-ओढ्याकाठची मोठी झाडं आणि आडव्या फांद्या बघत जा, बहुतेक वेळा आधी लोंबणारी शेपूटच दिसते.

चित्ता आणि बिबट्यात आपली लोक जाम गोंधळ घालतात. चित्ता सडपातळ, उंच पायांचा, अंगावर भरीव काळे ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ. बिबट्या ठेंगणा, दणकट, ठिपके फुलासारखे पोकळ. चित्ता दिवसा शिकार करतो म्हणून माराचं खरं आकर्षण माझ्या मते तोच. तो वारुळावर बसून कळप न्याहाळत असेल तर गाईडला लांबच थांबायला सांगा आणि बसा. अर्धा तास काहीच होणार नाही. मग तो उठेल, चार पावलं चालेल, परत बसेल. बाकीच्या गाड्या कंटाळून निघून जातील. बऱ्याचदा शिकार होतच नाही, झाली तरी दम घेईपर्यंत तरस येऊन ती हिसकावून नेतात, पण ही सगळी गोष्ट तुम्ही सुरुवातीपासून बघितलेली असते. गाड्यांचा वेढा पडला की चित्त्याला शिकार जमत नाही आणि पिल्लं आईपासून तुटतात. २०१८ साली माराबद्दलच प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जास्त पर्यटकांच्या भागातल्या माद्या खूप कमी पिल्लं वाढवू शकल्या असं दिसलं होतं. म्हणून पाच गाड्या आधीच उभ्या असतील तर आपली सहावी नको, हे तुम्हीच गाईडला सांगा.

तरसाला नावं ठेवू नका, बिळापाशी पिल्लं असतील तर सिंहापेक्षा जास्त करमणूक तिथं आहे. हत्ती कान पसरून तुमच्याकडं तोंड करून उभा राहिला तर आवाज बंद, हालचाल बंद, गाडी काढायची का ते गाईड ठरवेल.

८. नदी क्रॉसिंग

विल्डबीस्ट मारा नदीच्या काठावर जमतात, हजारोंनी, आणि मग तासन् तास विचार करतात. पुढचे पाण्यापर्यंत येतात, मगर दिसते नाहीतर झेब्रा खिंकाळतो, सगळे मागं पळतात. मागून येणारे मात्र रेटतच असतात, दादरला लोकल आल्यावर प्लॅटफॉर्मवर होतं तसं, आणि त्या रेट्यात एक जण पाण्यात उतरला की पाठोपाठ सगळे. हे दहा मिनिटांत होऊ शकतं, चार तासांनी होऊ शकतं, किंवा कळप वळून चरायला निघून जातो. एक अख्खा दिवस यासाठी राखून ठेवा, डबा-पाणी सोबत, गाडीत पत्ते ठेवा. अपेक्षा ठेवू नका म्हणत नाही, पण ज्यांच्याकडं एकच दिवस आहे त्यांनी क्रॉसिंगच्या मागं लागू नये.

पहिला उतरेपर्यंत गाडी काठापासून मागंच हवी. काठावर गाडी गेली की कळप बिथरतो आणि वाट बदलतो, कधी उंच कड्यावरून उड्या मारतो, पाय मोडतात. ड्रायव्हर "जवळ नेऊ का" विचारेल, नाही म्हणा. आणि गाडीतून खाली उतरून काठावर व्हिडिओ काढणारे दिसतील, तसलं काही करायचं नाही, ते नियमाबाहेर आहे.

९. लघवीचा प्रश्न

यावर कुणी लिहीत नाही म्हणून लिहितो. रिझर्व्हमध्ये टॉयलेट गेटवर, लॉजवर आणि एअरस्ट्रिपवर, मधे काही नाही. लाजून पाणी पिणं बंद करू नका, त्या उन्हात डोकं धरतं. गाईडला सांगायचं, तो आधी आजूबाजूला नीट बघून मोकळी जागा निवडतो आणि तुम्ही गाडीच्या मागं जाता, बाकीचे पुढं बघतात. स्वतःहून झुडपामागं कधीच जायचं नाही. टिश्यू परत पिशवीत.

१०. कॅम्पमध्ये

बऱ्याच कॅम्पना कुंपण नसतं. अंधार पडल्यावर तंबूतून जेवायला जाताना रखवालदाराला बोलवायचं, टॉर्च दाखवली की तो येतो. हे नाटक नाही, रात्री पाणघोडे नदीतून बाहेर येऊन तंबूंमध्ये चरतात आणि त्यांच्या आणि पाण्याच्या मधे आलात तर ते थांबत नाहीत. तंबूची चेन दिवसाही लावा, माकडं आणि बबून चिवडा-लाडू बरोब्बर शोधून काढतात.

शाकाहारींनी घाबरायचं कारण नाही. केनियात पिढ्यान् पिढ्या गुजराती लोक आहेत, चपाती तिथल्या लोकांच्या रोजच्या जेवणात आहे, बहुतेक कॅम्प डाळ-भात-भाजी करतात. जैन जेवण किंवा उपवास असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून कळवा, तिथं जाऊन सांगितलं तर उकडलेला बटाटा मिळतो.

हॉट एअर बलून पहाटे उडतात, माणशी साधारण ४५० ते ५०० डॉलर. सुंदर असतं, पण त्याच पैशात मारामध्ये अजून एक दिवस मिळत असेल तर मी दिवस घेईन.

११. टिप आणि परतीचा दिवस

टिप तिथं अपेक्षित असते. गाईडला गाडीमागं दिवसाला १० ते २० डॉलरच्या मधे साधारण देतात, शेवटच्या दिवशी एकत्र, हातात. कॅम्पच्या स्टाफसाठी डबा ठेवलेला असतो. डॉलरच्या नोटा नव्या आणि स्वच्छ न्या, २०१३ च्या आधीच्या, फाटक्या किंवा पेनानं लिहिलेल्या नोटा घ्यायला बरेच जण नकार देतात. वाटेत नारोक गावात गाडी थांबली की थोडे केनियन शिलिंग हातात ठेवा, रस्त्यावरच्या दुकानात डॉलरचा भाव त्यांच्या मर्जीचा असतो आणि वस्तूंची पहिली किंमत तर निम्म्यानं खाली येते.

विमान त्याच रात्रीचं असेल तर मारातून सकाळी ८ च्या पुढं निघू नका, "एक शेवटची छोटी सफारी करून मग जाऊ" याला बळी पडू नका. नारोकच्या पुढं घाटात ट्रकांच्या रांगा लागतात, आणि नैरोबीत संध्याकाळी एअरपोर्टचा रस्ता तुंबतो. जमत असेल तर शेवटची रात्र नैरोबीत काढा आणि विमान दुसऱ्या दिवशीचं घ्या.